चीनची सौरशक्ति व जगाचें राजकारण

ज्या राष्ट्राच्या हातीं इंधन, त्याच्या हातीं जगाचें राजकारण, असें गेल्या दोन शतकांचा इतिहास सांगतो. वाफेच्या जहाजांच्या काळीं इंग्रजांनीं समुद्रमार्गावर जागोजाग कोळशाचीं ठाणीं उभारलीं. १८३९ सालीं घेतलेलें एडन हें त्यांपैकींच एक. १९३२ पर्यंत त्या दूरच्या बंदराचा कारभार आपल्या मुंबई इलाख्याकडे होता. पुढें कोळशाची जागा तेलानें घेतली, अमेरिका अग्रेसर झाली आणि इराण-अरबस्तानच्या वाळवंटावर बलाढ्य राष्ट्रांची दृष्टि खिळली. आतां तिसरें पर्व सुरू झालें आहे. ऊन व वारा हीं या पर्वाचीं इंधनें असून त्यांतील अग्रस्थान चीननें मिळविलें आहे.

सूर्य तर सर्वांचाच. मग त्यावर एका राष्ट्राचें वर्चस्व कसें चालावें, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, ऊन फुकट मिळतें, परंतु उन्हाची वीज करणारें साधन फुकट मिळत नाहीं. गारगोटीपासून अतिशुद्ध सिलिकॉन काढावयाचें, त्याचे ठोकळे करून कागदासारख्या पातळ चकत्या कापावयाच्या, चकत्यांचे सौरघट करावयाचे आणि ते घट कांचेखालीं जोडून पॅनेल सिद्ध करावयाचें, अशा या पायऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें २०२२ सालीं दाखवून दिलें कीं, यांपैकीं प्रत्येक पायरीवर जगांतील ८० टक्क्यांहून अधिक कारखानदारी चीनमध्यें आहे.

ही विद्या मूळची चीनची नव्हे. सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झाला. १९७९ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं आपल्या सरकारी निवासस्थानाच्या छपरावर पाणी तापविणारीं सौर उपकरणें बसविलीं. रेगन यांच्या कारकीर्दींत, १९८६ सालीं, तीं उतरविलीं गेलीं. जर्मनीनें २००० सालीं कायदा करून सौर विजेस वीस वर्षें ठराविक भाव देण्याची हमी दिली, आणि पॅनेलांना मोठें गिऱ्हाईक मिळालें. ही संधि चीननें ओळखली. शी झेंगरोंग या चिनी विद्यार्थ्यानें ऑस्ट्रेलियांत प्रा. मार्टिन ग्रीन यांच्या हाताखालीं अध्ययन केलें आणि स्वदेशीं परतून २००१ सालीं वूशी शहरीं 'सनटेक' कंपनी काढली. सरकारनें अशा कारखान्यांस हात दिला व २००६ पासून नवीकरणीय ऊर्जेचा कायदा अंमलांत आणला. २०१३ सालीं सनटेकच्या वूशी येथील कंपनीचें दिवाळें वाजलें, तरी धंदा बुडाला नाहीं. दुसरे कारखाने पुढें सरसावले. यास कोणी नुसतें अनुकरण म्हणतील. पण वीस वर्षें एका धोरणास चिकटून राहणें अनुकरणानें साधत नाहीं.

फळ काय मिळालें, तें आंकड्यांवरून कळेल. २०२४ या एका वर्षांत चीननें सुमारें २७७ गिगावॅट, म्हणजे २,७७,००० मेगावॅट क्षमतेचीं सौर साधनें उभारलीं. आपला कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा; म्हणजे क्षमतेच्या मापानें सुमारें १४० कोयना. रात्रीं ऊन नसतें, त्यामुळें प्रत्यक्ष वीज या मानानें कमी मिळते, हेंहि लक्षांत घ्यावें. ऊन व वारा मिळून १,२०० गिगावॅटचें जें उद्दिष्ट २०३० साठीं ठरविलें होतें, तें २०२४ सालींच गांठलें गेलें.

या चित्रास काळी बाजूहि आहे. जगांत जळणाऱ्या कोळशापैकीं निम्म्याहून अधिक कोळसा एकटा चीन जाळतो. शिंच्यांग प्रांतांतील सिलिकॉनच्या धंद्यांत उइगुर मुसलमानांकडून सक्तीनें काम करून घेतलें जातें, असा गंभीर आरोप आहे. चीन तो नाकारतो. परंतु त्याच कारणास्तव अमेरिकेनें २०२१ सालीं कायदा करून त्या प्रांतांतील मालाची वाट अडविली.

आतां राजकारणाकडे वळूं. २०१० सालीं बेटांवरून जपानशीं कलह झाला, तेव्हां चीनकडून जपानला जाणारा दुर्मिळ मृदा-खनिजांचा पुरवठा अडला. २०२५ च्या एप्रिलांत अशा सात द्रव्यांवर व त्यांच्या चुंबकांवर चीननें निर्यातबंधनें घातलीं, आणि भारतांतील विजेच्या गाड्यांचे कारखानेहि चिंतेंत पडले. त्याच वर्षाच्या जानेवारींत अमेरिकेनें पॅरिस करारांतून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला होता. सोडलेली जागा चीनला आयतीच मिळाली. उलट पक्षीं, पाकिस्तानांत २०२४ सालीं सुमारें १७ गिगावॅटचीं चिनी पॅनेलें आलीं. महाग व बेभरंवशाच्या विजेस कंटाळलेल्या गृहस्थांनीं आणि शेतकऱ्यांनीं तीं आपापल्या खर्चानें बसविलीं. गरिबांचें हित यांत झालें नाहीं, असें कोण म्हणेल?

आपली स्थिति अधिक अवघड आहे. २०२० च्या जूनमध्यें गलवानच्या खोऱ्यांत आपले वीस जवान धारातीर्थीं पडले. एप्रिल २०२२ पासून सरकारनें परदेशी पॅनेलांवर ४० टक्के व सौरघटांवर २५ टक्के जकात बसविली. २०२४ सालीं एक कोटी घरांसाठीं 'सूर्यघर' योजना आली. पॅनेल जोडणारे कारखाने आपल्याकडे पुष्कळ झाले. पण त्यांस लागणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या बहुतांशीं चीनहूनच येतात.

तरीहि भयभीत होण्याचें कारण नाहीं. तेल रोज विकत घ्यावें लागतें. पॅनेल एकदां घेतलें कीं पंचवीस वर्षें वीज देतें, आणि विकणारा रुसला तरी तें बंद पडत नाहीं. म्हणून आज चिनी माल घेतल्यानें आपण अंकित होतों असें नाहीं. त्यामागील विद्या शिकण्याचें टाळलें तर मात्र होऊं. कौटिल्यानें आकराध्यक्षास, म्हणजे खाणींवरील अधिकाऱ्यास, धातुशास्त्र व धातु गाळण्याची कला अवगत असावी अशी अपेक्षा केली आहे. खाण असून भागत नाहीं, हें त्यानें जाणलें होतें. केरळ व ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूंत दुर्मिळ मृदा आपणांकडेहि आहेत. उणीव आहे ती त्यांचें शोधन करून चुंबक घडविण्याच्या कारखानदारीची.

आपल्या घरांतील हुशार मुलांमुलींचा ओढा हल्लीं संगणकाकडे व परदेशाकडे असतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु एखाद्यानें रसायन, धातुशास्त्र वा यंत्रविद्या घेऊं म्हटलें, तर वडीलधाऱ्यांनीं त्यास मोडता घालूं नये. आणि छपरावर पॅनेल बसवितांना त्यांतील घट कोठें तयार झाला, एवढें विक्रेत्यास अवश्य विचारावें.