मोठी माणसं खेळण्यातल्या छोट्या गाड्या का जमवतात?

उशीचा घाट, फरशीच्या रेघांचा हायवे आणि त्यावरून तोंडाने आवाज काढत पळवलेली बोटभर लांबीची धातूची गाडी. अनेकांच्या लहानपणी हा खेळ होता. त्यातलेच काही जण आज तिशी-चाळिशीत तशाच गाड्या पुन्हा विकत घेतात. फरक एवढाच की, आता बऱ्याचदा पॅकिंग फोडलंच जात नाही. असं का?

'डाय-कास्ट' म्हणजे काय?

वितळलेला धातू जोराच्या दाबाने पोलादी साच्यात भरून वस्तू घडवण्याची ही पद्धत. या गाड्यांसाठी प्रामुख्याने जस्त असलेला मिश्रधातू वापरतात. तो तुलनेने कमी तापमानाला वितळतो आणि साच्यातले बारकावे नीट उचलतो. म्हणूनच एवढ्याशा गाडीवरही दाराची फट दिसते.

सुरुवात कुठे झाली?

लंडनच्या लेस्नी कंपनीतले इंजिनिअर जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता यायचं. ओडेल यांनी तिला चिमुकला रोड रोलर बनवून दिला. त्यातूनच १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' गाड्या बाजारात आल्या. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने १९६८ मध्ये १६ मॉडेल्ससह 'हॉट व्हील्स' आणल्या. पुढे १९९७ मध्ये मॅचबॉक्सही मॅटेलकडेच गेली.

किंमत कशामुळे वाढते?

जुन्या गाड्या मुलांनी मनसोक्त खेळून संपवल्या. रंग उडाला, चाकं वाकली, खोकी तर पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेली. त्यामुळे डब्यासकट धड राहिलेली गाडी दुर्मीळ ठरली आणि महागली.

आज चित्र उलटं आहे. असंख्य लोक पहिल्या दिवसापासून गाड्या जपून ठेवतात. त्यामुळे सध्याची साधी गाडी २० वर्षांनी दुर्मीळ होईलच, असं नाही. म्हणून टंचाई मुद्दाम तयार केली जाते. हॉट व्हील्सची १९९५ पासूनची 'ट्रेझर हंट' मालिका हे त्याचं उदाहरण. अशा गाड्या काही जण दुकानातून आधीच उचलतात आणि चढ्या भावाने विकतात. खेळायला गाडी मागणाऱ्या मुलाच्या वाट्याला मग उरलेला माल येतो.

घेताना काय लक्षात ठेवावं?

गाडीच्या तळावर छापलेलं वर्ष बहुतेकदा त्या डिझाइनचं असतं, उत्पादनाचं नाही. '१९७०' दिसलं म्हणून जादा पैसे मोजू नका.

आणि गाडी कशासाठी घेतोय, हे आधी ठरवा. विकायची असेल, तर पॅकिंग जपावं लागेल आणि तरीही नफ्याची खात्री नाही. लहानपणासाठी घेत असाल, तर ती फोडून चालवायला काहीच हरकत नाही. घरात लहान मूल असेल, तर एक गाडी त्याच्या हातात द्या. उशीचा घाट ते स्वतःच रचेल.