गृहसंगणकाची प्रतिकृती : एक तांत्रिक परिचय

प्रस्तावना : १९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने स्पेक्ट्रम हा गृहसंगणक बाजारात आणला. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यानुसार तो भारतात उपलब्ध केला. घरातील दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा होय.

विवेचन : त्यातील झेड-८० हा प्रोसेसर इतर यंत्रांतही वापरला जाई, परंतु चित्रसंकेत, कळफलक व कॅसेट यांचे नियंत्रण करणारी यूएलए चिप खास याच यंत्रासाठी घडविलेली होती. ती निकामी झाल्यास यंत्र निरुपयोगी ठरते. ख्रिस स्मिथ यांनी तिची अंतर्गत रचना उलगडून २०१० मध्ये ग्रंथरूपाने मांडली. 'हार्लेक्विन' या प्रतिकृतीत तेच कार्य सर्वसाधारण लॉजिक चिपांद्वारे साधले.

निष्कर्ष : २०२४ मध्ये झिलॉगने स्वतंत्र झेड-८०च्या मागण्या स्वीकारणेही थांबविले. सुटे भाग संपतात. लिहून ठेवलेली रचना मात्र यंत्र पुन्हा उभे करू शकते.