जुनं सागवान वयानं नाही, ओलीनं खचतं

आपल्या निफाड तालुक्यात विंचूर, चांदोरी अशा गावांत जुने वाडे आहेत. साध्या धाब्याच्या घरांतही आजेसासऱ्यांच्या काळातले खांब आणि तुळया असतात. घर पाडायचं ठरलं की, "इतक्या जुन्या लाकडात आता काय दम?" असं म्हणून सगळं एकगठ्ठा विकलं जातं. म्हणून आज आम्ही जुन्या लाकडाविषयी सांगणार आहोत.

लाकूड कोरडं राहिलं, तर नुसत्या वयानं ते फारसं कमजोर होत नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात छताला लाकडी कमानी आहेत, त्या सुमारे २००० वर्षांच्या. जपानमध्ये होर्यूजी मंदिराच्या लाकडाचा जिरो कोहारा यांनी अभ्यास केला. पहिली दोन-तीनशे वर्षं त्याची ताकद थोडी वाढते, मग सावकाश उतरते, असं त्यांना दिसलं. ते झाड वेगळं, सागाला तेच आकडे लागू नाहीत. पण 'जुनं म्हणजे कुजकं' हा समज खरा नाही.

मग वयानं बदलतं काय? लाकूड गडद होतं. पावसाळ्यात नवं दार फुगतं तेवढं जुनं फुगत नाही. मात्र ते जरा ठिसूळ होतं, खिळा थेट ठोकला तर चिरतं. म्हणून आधी बारीक भोक पाडावं. वर्षानुवर्षं भार पेलून तुळई मधे थोडी वाकते, तेवढ्यानं ती सडली असं होत नाही. लांबीच्या दिशेनं गेलेल्या बारीक चिराही बहुतेक वाळण्याच्याच असतात. पण वाक वाढत असेल किंवा आडवी चीर दिसली, तर खाली टेकू द्या आणि जाणत्या सुताराला बोलवा.

लाकडाचे खरे वैरी म्हणजे ओल आणि वाळवी. सागाच्या गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही, पण सालीकडचा पांढुरका भाग ती खाते. धाबं गळतं तेव्हा पाणी तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी मुरतं. गोदावरीचा पूर घरात आला की खांबाचा पाय भिजतो. जुन्या कारागिरांनी खांबाखाली दगडी तळखडा दिला तो यासाठीच. त्याभोवती सिमेंट भरू नका, ओल आत कोंडते.

पारख घरच्या घरी करता येते. लाकडावर काठीनं ठोका. पोकळ, बद्द आवाज आला तर शंका घ्या. मग दाभण टोचा. ते सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. खांबाचा पाय आणि तुळईची टोकं आधी तपासा. टोक कुजलं तरी मधला भाग बऱ्याचदा चांगला निघतो, तेवढं कापून वापरता येतं.

विकायचंच असेल तर मोजून विका. दहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि सहा इंच जाड तुळई म्हणजे अडीच घनफूट. प्रत्येक नगाचं माप वहीत लिहा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि मगच हो म्हणा. ते लाकूड घराची ठेव आहे, तिचा हिशेब आपल्यालाही माहीत हवा.