एका दाताचा फरक

छोट्या इंजिनाची ट्रेल गाडी चढाला धापा टाकू लागली की 'सीसी कमी पडले' असा निकाल आपण लगेच देऊन टाकतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. पावसाळ्यातली एखादी पाणंद घ्या. ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा, तळाला गढूळ पाणी आणि पुढं लाल मातीचा निसरडा चढ. तिथं माणसाच्या चालीहून थोडं जास्त, ताशी सात-आठ किलोमीटर, एवढाच वेग परवडतो. पण त्या वेगाला पहिल्या गिअरमध्येसुद्धा इंजिन इतकं खाली येतं की धक्के देत बंद पडायला बघतं. मग चालवणारा हाफ क्लचवर गाडी रेटतो, आणि थोड्या वेळात क्लच प्लेटांचा करपट वास नाकात जातो. इंजिनानं दिलेली ताकद अशी प्लेटा घासण्यात जाते. गाडीत कमी असतो तो पुरेसा हळू चालणारा पहिला गिअर, आणि तो मिळवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रॉकेट बदलणं.

इंजिनाचे फेरे चाकापर्यंत पोचेपर्यंत तीन टप्प्यांत कमी होतात. पहिला टप्पा क्रँक आणि क्लच यांच्यामधला, दुसरा गिअरबॉक्समधला, तिसरा चेनचा. पहिले दोन बदलायचे तर इंजिन उघडावं लागतं. तिसरा उघड्यावर असतो, दोन-चार पान्यांनी हाती लागतो. पुढच्या छोट्या स्प्रॉकेटचे आणि मागच्या मोठ्या स्प्रॉकेटचे दात मोजायचे आणि मागच्या आकड्याला पुढच्यानं भागायचं, एवढाच त्याचा हिशेब.

या हिशेबासाठी मला यामाहाची टीडब्ल्यू २०० ही गाडी फार आवडते. १९८७ पासून अमेरिकेत विकली जाणारी, १९६ सीसीची, हवेवर थंड होणारी, पाच गिअरची ही गाडी. मागचा टायर १८० मिलिमीटर रुंद, वाळूत आणि चिखलात न रुतणारा. आपल्याकडच्या शोरूममध्ये ती कधी आली नाही, पण स्प्रॉकेटचे प्रयोग जितके या गाडीवर झालेत तितके क्वचितच दुसऱ्या छोट्या गाडीवर झाले असतील. कारखान्यातून ती पुढं १४ आणि मागं ५० दातांनिशी येते. ५० भागिले १४ म्हणजे ३.५७. पुढं १४ ऐवजी १३ दातांचं स्प्रॉकेट लावलं की हा आकडा ३.८५ होतो. एका दातानं चाकावरचा जोर पावणेआठ टक्क्यांच्या आसपास वाढला आणि प्रत्येक गिअरमधला वेग साधारण सात टक्क्यांनी उतरला. पुढचा १४ तसाच ठेवून मागं ५५ लावले तर ३.९३, म्हणजे दहा टक्क्यांची वाढ. १३ आणि ५५ एकत्र केले तर ४.२३. मूळच्या मानानं ही साडेअठरा टक्के वाढ झाली. जिथं आठच्या वेगाला इंजिन कुरकुरत होतं, तिथं आता पावणेसातच्या वेगालाही ते त्याच फेऱ्यांवर असतं. चिखलाच्या चढावर हा सव्वा किलोमीटरचा फरक म्हणजे क्लच सोडून निवांत जाणं आणि पाय टेकत, गाडी ढकलत जाणं यांतला फरक आहे.

उतारावर त्याचा दुसरा फायदा कळतो. गिअर खाली आल्यामुळे इंजिन ब्रेक जास्त धरतं. ओल्या कातळावरून उतरताना मागचा ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन घसरतं. तिथं पहिल्या गिअरचा आधार मिळाला की ब्रेकला नुसता पाय लावून ठेवला तरी पुरतो. मला स्वतःला चढापेक्षा उतारावरच हा बदल जास्त मोलाचा वाटतो.

याची किंमत डांबरी रस्त्यावर मोजावी लागते. समजा पाचव्या गिअरमध्ये ८० च्या वेगाला इंजिन ६००० फेरे मारत होतं, तर १४ चे १३ केल्यावर त्याच वेगाला ते साधारण ६४६० मारील, आणि १३-५५ च्या जोडीवर ७१०० च्या वर जाईल. हँडलला झिणझिण्या येतील, पेट्रोल जास्त जाईल, महामार्गावर ट्रकच्या पुढं निघताना हाताशी काही उरणार नाही. कंपन्या गिअर थोडे उंच ठेवतात ते याचसाठी. त्यांची एकच गाडी ऑफिसलाही जाते आणि डोंगरातही जाते, शिवाय मायलेजचा आणि आवाजाचा हिशेब सांभाळावा लागतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्प्रॉकेट बदलल्यानं सगळे गिअर एकदम खाली किंवा वर सरकतात, पण पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधलं अंतर तसंच राहतं. 'पहिल्यात ओरडते, दुसऱ्यात मरते' ही ज्याची तक्रार आहे, त्याचं समाधान नुसत्या स्प्रॉकेटनं पूर्ण होणार नाही. एवढंच होईल, की ज्या चढावर दुसरा गिअर मरत होता तिथं तो कदाचित तग धरील.

मुळात छोटी ट्रेल गाडी हा प्रकार लोकप्रिय झाला तोच मागच्या स्प्रॉकेटमुळे. १९६० च्या सुमारास होंडाची अमेरिकेतली कंपनी नवखी होती. आयडाहो राज्यातल्या बॉइझी या डोंगराळ भागातल्या गावी हर्ब उल नावाचा एक विक्रेता ५० सीसीच्या होंडा इतक्या विकू लागला की कंपनीच्या लोकांना आश्चर्य वाटलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की तो गाडीला मागं मोठं स्प्रॉकेट आणि गुटख्यांचे टायर लावून शिकारी, मासेमारी करणाऱ्या आणि जंगलात भटकणाऱ्या लोकांना विकत होता. होंडानं ती कल्पना उचलली आणि १९६१ मध्ये कारखान्यातूनच ट्रेल ५० बाहेर पडली.

पण रस्ता आणि जंगल यांचं भांडण मिटलं नव्हतं. त्यावर होंडानं काढलेला तोडगा मला अतिशय प्रामाणिक वाटतो. त्यानंतरच्या काही ट्रेल गाड्यांना, १९६४ च्या सीटी २०० लासुद्धा, मागच्या चाकावर दोन स्प्रॉकेट असत, एक लहान आणि एक मोठं. डांबर संपलं की गाडी उभी करायची, चेनचं लॉक काढायचं, सोबतचा चेनचा तुकडा जोडायचा आणि चेन मोठ्या स्प्रॉकेटवर घ्यायची. परतताना उलटं. हात काळे होत, पण एकाच गाडीत दोन गाड्या मिळत. पुढं सीटी ९० वर गिअरबॉक्सच्या बाजूलाच वेगळा छोटा जोडगिअर आला. इंजिनाखालची दांडी फिरवली की सगळे गिअर एकदम खाली. पुढच्या गाड्यांमध्ये ही सोय फारशी टिकली नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आज आपल्याकडे २०१९ मध्ये आलेल्या हीरो एक्सपल्स २०० मुळे सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जाणारी मंडळी वाढली आहेत. त्याआधी २०११ ची इम्पल्स होती, ती काळाच्या पुढची ठरली आणि गेली. अशा गाड्यांचे मालक गॅरेजवर हमखास विचारतात, पुढचा एक टूथ कमी करू का मागचे चार वाढवू? गणितात दोन्ही जवळजवळ सारखंच पडतं. खर्चाला पुढचं स्वस्त आणि कामाला सोपं. तरीही कायमचा बदल करायचा असेल तर मी मागचं वाढवा म्हणेन.

त्याचं कारण चेनच्या वळणात आहे. १४ दातांच्या स्प्रॉकेटवर चेनची प्रत्येक कडी सुमारे २६ अंश वळते, १२ दातांवर ३० अंश. जितकं वळण जास्त तितकी पिन आणि बुश यांची झीज जास्त. शिवाय स्प्रॉकेट खरा गोल नसतोच, चेनच्या दृष्टीनं तो बहुकोन असतो. त्यामुळे इंजिन एकसारखं फिरत असलं तरी चेनचा वेग दर दाताला कमीजास्त होत राहतो. १४ दातांवर ही चढउतार अडीच टक्के असते, १२ वर साडेतीन टक्के होते आणि १० वर पाच टक्क्यांच्या जवळ जाते. छोट्या स्प्रॉकेटवरून जाणारी चेन स्विंगआर्मच्याही जास्त जवळ येते आणि तिथली रबरी पट्टी कापू लागते. म्हणून पुढं एक दात कमी करून बघायला हरकत नाही, दोन कमी करायच्या आधी मागच्या चाकाकडं बघावं. १३ दातांच्या बाजूनं मात्र एक गोष्ट सांगायला हवी. चेनच्या कड्या नेहमी सम संख्येत असतात, त्यामुळे १४ दातांवर एका दाताच्या वाट्याला कायम आतली तरी किंवा बाहेरची तरी कडी येते. १३ वर ती आलटून पालटून येते आणि दात सारखे झिजतात.

चेनच्या लांबीचाही विचार आधी करावा. चार दात वाढले की साधारण दोन कड्या जास्त लागतात. ४२८ च्या चेनमध्ये एक कडी १२.७ मिलिमीटरची. पुढचा एक दात कमी केला तर चेन अर्ध्या कडीनं सैल होते आणि चाक तीनेक मिलिमीटर मागं घेतलं की भागतं. मागं चार वाढवून जुनीच चेन ठेवायची तर चाक तेरा मिलिमीटरच्या आसपास पुढं सरकवावं लागेल, आणि अॅडजस्टरला तेवढी जागा क्वचितच उरलेली असते. चेन वापरून ताणली गेली असेल तर तिच्यावर नवं स्प्रॉकेट चढवू नये, महिन्या-दोन महिन्यांत नव्या दातांचे आकडे होतात. ज्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो तिथं काटाही खोटं बोलू लागतो. तो पुढच्या चाकावरून चालत असेल तर फरक पडत नाही.

पुढचं स्प्रॉकेट काढताना क्रम महत्त्वाचा. कव्हर काढल्यावर आत चिखल आणि ग्रीस यांचा काळा लगदा साचलेला असतो, तो आधी खरवडून रॉकेलनं धुवावा, नाहीतर गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या सीलमध्ये माती जाते. काही गाड्यांना एक मोठा नट आणि त्याखाली काठ वाकवलेला लॉक वॉशर असतो, काहींना दोन बोल्टची पट्टी. नट असेल तर चेन उतरवण्याआधीच सैल करायचा. मागचा ब्रेक दाबून धरायला एक माणूस लागतो. लॉकची चेन असेल तर लॉकच्या पत्तीचं उघडं तोंड चेनच्या धावण्याच्या उलट दिशेला ठेवायचं. मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळायचे आणि शेवटचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायचा.

ढिलाई तपासताना ट्रेल गाडीला रस्त्याच्या गाडीचा नियम लावू नये. तिचं सस्पेन्शन लांब असतं. ते दबत गेलं की गिअरबॉक्सचा शाफ्ट, स्विंगआर्मची खिळी आणि चाकाचा एक्सल एका रेषेत येतात, आणि त्या क्षणी चेन सगळ्यात घट्ट होते. सामानाचा पट्टा सीटवरून स्विंगआर्मला बांधून, ओढून, गाडी तेवढी दाबायची आणि तिथं चेन बोटानं थोडी हलते का ते बघायचं. पट्टा सोडल्यावर जितकी ढिलाई दिसेल तितकी तिची गरज आहे, मग ती डोळ्यांना जास्त का वाटेना. पहिल्या चिखलफेरीनंतर ती पुन्हा मोजावी, बोल्टवर पाना फिरवून बघावा आणि स्विंगआर्मच्या रबरी पट्टीवर नवी चरी पडली आहे का तेही पाहावं.