अंतराळ उद्योगातील तर्कचिप अभियंता : कार्याचे स्वरूप आणि आपले अध्यापन

घोड नदीकाठचे इनामगाव ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननामुळे अभ्यासकांना परिचित आहे. त्याच पुणे जिल्ह्यात खोडद येथे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रोग्रामक्षम तर्कचिपेवर, म्हणजे एफपीजीएवर, काम करणाऱ्या अभियंत्याचे कार्य समजून घेण्यास हे उदाहरण हाताशी आहे.

ही चिप कारखान्यातून कोरी येते. तिच्यातील असंख्य तर्कघटकांची जोडणी अभियंता व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या भाषांत वर्णन करून ठरवितो. मात्र या क्रमाने पार पडणाऱ्या आज्ञा नव्हेत. त्या ओळींतून मंडल घडते आणि त्याचे सर्व भाग एकाच वेळी चालतात. आपल्याकडे ही भाषा ‘सी’च्या पाठोपाठ, जणू तिची धाकटी बहीण म्हणून शिकविली जाते. विद्यार्थ्यांच्या गोंधळाचे मूळ बहुधा येथेच आहे.

जीएमआरटीच्या नूतनीकरणात संकेतपट्टा 32 वरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत वाढला. अँटेनांकडून येणारे संकेत अंकीय करून पुढील संगणकांकडे धाडण्याचे काम तेथे व्हर्टेक्स-5 श्रेणीच्या चिपांकडे सोपविण्यात आले. 18 फेब्रुवारी 2021 रोजी मंगळावर उतरताना ‘पर्सिव्हिअरन्स’ यानाने छायाचित्रे नकाशाशी ताडून पाहिली, ती याच श्रेणीतील किरणोत्सार-सहिष्णू चिपेच्या साहाय्याने. खोडदला बिघडलेले कार्ड काढून दुसरे बसविता येते. मंगळावर ती सोय नाही.

अंतराळातील एखादा भारित कण स्मृतीतील शून्याचा एक करू शकतो. सामान्य संगणकात त्यामुळे आकडा किंवा आज्ञा बिघडते. स्मृतीवर आधारित एफपीजीएमध्ये जोडणीच स्मृतीत साठविलेली असल्याने प्रत्यक्ष मंडल बदलते. म्हणून महत्त्वाचा भाग तिप्पट करून बहुमताने उत्तर घेतात आणि जोडणीची माहिती ठरावीक काळाने पुन्हा लिहितात. एकदाच जोडणी पक्की करावयाची अँटिफ्यूज चिप या दोषापासून मुक्त असते. परंतु तिच्यात अभियंत्याची चूकही तितकीच पक्की होते.

साहजिकच या अभियंत्याचा बराचसा वेळ रचना लिहिण्यापेक्षा ती पडताळण्यात जातो. चाचणीसाठीचे लेखन मूळ रचनेहून मोठे असणे नवलाचे नाही. प्रात्यक्षिकात दिवा लागला की पूर्ण गुण देण्याची पद्धत सोडून चाचणी-संचास स्वतंत्र गुण ठेवावेत, आणि एका विद्यार्थ्याची रचना दुसऱ्याने मोडून दाखवावी. एवढ्यासाठी नवे उपकरण लागत नाही.