पाळीच्या दिवशी ऑपरेशन

पोट उघडलं की अंडाशय आपल्या जागी मोकळं सापडायला हवं. काही बायकांमध्ये मात्र ते तसं सापडत नसे. गर्भाशयाच्या मागच्या बाजूला कुठंतरी घट्ट चिकटून बसलेलं असे. सर्जन बोटानं हलकेच ते सोडवायला जाई आणि भळकन दाट, तपकिरी, चॉकलेटच्या रंगाचं काहीतरी बाहेर येई. आपल्याच हातून गाठ फुटली असं समजून तो चरफडे, सगळं पुसून घेई, गाठ काढून टाके घाली आणि पुढच्या रुग्णाकडे वळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची दोन दशकं हे असंच चाललं होतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरातले स्त्रीरोग सर्जन जॉन अल्बर्टसन सॅम्पसन यांनी मात्र फाटलेली जागा नीट पाहिली. भोक आत्ता पडलेलं नव्हतं. गाठ आधीच कधीतरी फुटली होती, आतला ऐवज बाहेर सांडला होता आणि सांडल्या जागी अंडाशय शेजारच्या भागाला चिकटून ते भोक बुजलं होतं. सर्जननं फक्त झाकण उचललं होतं. मग जे सांडलं, ते गेलं कुठं? त्यांनी खाली, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट भागात पाहिलं. तिथं बारीक बारीक गाठी रुजलेल्या होत्या.

सॅम्पसन यांचा जन्म १८७३ चा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १८९९ साली ते डॉक्टर झाले आणि हॉवर्ड केली यांच्या हाताखाली तयार झाले. केली म्हणजे त्या काळातलं अमेरिकेतल्या स्त्रीरोग शस्त्रक्रियेतलं सर्वांत मोठं नाव. त्याच हॉपकिन्समध्ये, त्याच १८९९ साली, विल्यम रसेल नावाच्या डॉक्टरांना एका अंडाशयात गर्भाशयाच्या अस्तरासारखं पेशीजाल सापडलं होतं. त्यांनी तो निबंध छापला आणि प्रकरण तिथंच थांबलं. गर्भाच्या वाढीत चुकून मागं राहिलेला अवशेष, एवढाच त्याचा अर्थ लावला गेला. थॉमस कलन हे हॉपकिन्समधलेच आणखी एक दिग्गज. गर्भाशयाच्या भिंतीत आणि बाहेर वाढणाऱ्या अशाच गाठींचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. म्हणजे माल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण तो आला कुठून हा प्रश्न कुणी लावून धरलेला नव्हता.

१९०५ मध्ये सॅम्पसन ऑल्बनीला आले आणि उरलेलं आयुष्य तिथंच राहिले. मोठ्या विद्यापीठाचा दरारा इथं नव्हता, पण एक सोय होती: ऑपरेशनही तेच करत आणि काढलेला भाग काचपट्टीवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतही तेच. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज सर्जन तुकडा बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवतो आणि चार दिवसांनी कागद हातात येतो. सॅम्पसन यांच्या बाबतीत चाकू धरणारा हात आणि भिंगातून पाहणारा डोळा एकाच माणसाचा होता. काढलेल्या गर्भाशयांच्या रक्तवाहिन्यांत आणि पोकळीत द्रव भरून त्यांची क्ष-किरण छायाचित्रं घेण्याचा त्यांचा उद्योग कित्येक वर्षं चालू होता. गर्भाशयाच्या पोकळीत भरलेला पदार्थ शिरांमध्ये निसटतो, हे त्यांनी १९१८ मध्येच छापलं होतं. गर्भाशयातली वस्तू गर्भाशयातच राहते असं नाही, ही शंका त्यांच्या मनात तेव्हापासून होती.

मग त्यांनी एक साधी, पण त्या काळी वेगळी गोष्ट केली. पाळीच्या दिवसांत पोटाचं ऑपरेशन शक्यतो टाळायचं, अशी रीत होती. सॅम्पसन यांनी काही शस्त्रक्रिया मुद्दाम पाळी चालू असताना केल्या.

त्या दिवसांत पोट उघडल्यावर जे दिसलं, ते इतर दिवशी दिसणं शक्यच नव्हतं. अंडाशयातल्या चॉकलेटी गाठीचं अस्तर सोलवटून रक्त टाकत होतं. खालच्या खोलगट भागातल्या बारीक गाठीही रक्ताळलेल्या होत्या. गर्भाशयाच्या आत पाळी चालू होती, तशीच गर्भाशयाबाहेरही चालू होती. फरक एवढाच की आतल्या रक्ताला बाहेर जायला वाट आहे, या रक्ताला नाही. ते साचणार, सुकणार, भोवतालच्या अवयवांना एकमेकांशी चिकटवणार. महिन्याच्या महिन्याला उठणाऱ्या त्या असह्य कळांचं कारण समोर उघडं पडलं होतं.

१९२१ मध्ये ‘आर्काइव्हज ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. जवळजवळ ८० पानांचा. फुटलेल्या गाठीतून सांडलेल्या पेशी खाली रुजतात, अंडाशयाचा कर्करोग पोटात पसरतो तशाच, असं त्यात मांडलं होतं. पण मुळात अंडाशयात त्या पोचल्या कशा? याचं उत्तरही पाळीतल्या ऑपरेशनांनीच दिलं. त्यांना बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकातून रक्त पोटात ठिबकताना दिसलं. काढलेल्या बीजवाहिन्या कापून पाहिल्या तर पोकळीत अस्तराचे तुकडे मिळाले. आणि या आजाराच्या बहुतेक रुग्णांच्या बीजवाहिन्या उघड्याच होत्या. १९२७ मध्ये त्यांनी सिद्धांत पुरा मांडला: पाळीचं थोडं रक्त उलट्या दिशेनं बीजवाहिन्यांतून पोटात जातं, त्याबरोबर अस्तराचे जिवंत कण जातात आणि तिथं रुजतात. ‘एंडोमेट्रिऑसिस’ हे नाव रूढ झालं तेही त्यांच्या या काळातल्या लेखनामुळं.

विरोध लगेच सुरू झाला. बाल्टिमोरचे एमिल नोव्हाक यांना हे पटेना. जर्मनीतल्या रॉबर्ट मायर यांचं म्हणणं होतं की पोटाच्या आतल्या आवरणाच्या पेशीच रूप पालटून गर्भाशयाच्या अस्तरासारख्या होतात, बाहेरून काही यावं लागत नाही. खरा पेच एकाच मुद्द्यावर होता. पाळीत गळणारं अस्तर मेलेलं असतं असं समजलं जाई, मग मेलेलं बी रुजणार कसं? सॅम्पसन यांचा मोठेपणा असा की त्यांनी ही अट स्वतःहून मान्य केली. १९४० मध्ये, वयाच्या सत्तरीला टेकताना, त्यांनी लिहिलं की हे तुकडे नेहमीच मृत असतील तर माझा सिद्धांतही मेला समजा आणि पुरून टाका. आपल्या आयुष्यभराच्या कामाला एवढी सरळ कसोटी लावणारे संशोधक थोडेच. १९४६ च्या डिसेंबरात ते गेले.

ही कसोटी त्यांच्या पश्चात लागली. १९५० मध्ये टेलिंड आणि स्कॉट यांनी माकडिणींवर शस्त्रक्रिया करून गर्भाशयाचं तोंड पोटात उघडेल असं केलं. दहापैकी सहा माकडिणींना एंडोमेट्रिऑसिस झाला. १९५८ मध्ये तर पाळीच्या रक्तातल्या पेशी स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखाली सोडून पाहण्यात आल्या आणि त्या जगू शकतात हे दिसलं. सॅम्पसन जिंकले. पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव पक्कं झालं.

आणि गंमत म्हणजे इथूनच सिद्धांताची अडचण सुरू झाली. १९८४ मध्ये पोटात दुर्बीण घालून केलेल्या एका अभ्यासात दिसलं की बीजवाहिन्या उघड्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या पोटात पाळीच्या वेळी रक्त असतंच. एंडोमेट्रिऑसिस मात्र दहापैकी साधारण एकीला होतो. मग उरलेल्या नऊ जणींनी काय केलं? शिवाय सिद्धांताची एक सावली दवाखान्यात पडली होती. दर महिन्याला नवं बी पडणारच असेल, तर काढून उपयोग काय? वरवर जाळा, गोळ्या द्या, नाहीतर गर्भाशयच काढा. परत दुखलं तर आजार परत आला म्हणा.

ऑरेगन राज्यातल्या बेंड या छोट्या गावातले सर्जन डेव्हिड रेडवाइन यांना हे पटेना. एंडोमेट्रिऑसिस म्हणजे बंदुकीच्या दारूच्या डागासारखे काळे ठिपके, असं तेव्हा शिकवलं जाई. रेडवाइन यांनी दुर्बीण पोटाच्या आतल्या आवरणाच्या अगदी जवळ नेली आणि जे जे वेगळं दिसेल ते कापून तपासणीला पाठवलं. पारदर्शक पुटकुळ्या, पांढरे वण, लाल, पिवळसर जागा. अहवाल यायचा: एंडोमेट्रिऑसिस. ऑस्ट्रेलियातल्या जॅन्सन आणि रसेल यांनीही १९८६ मध्ये हेच छापलं होतं. रेडवाइन यांनी १९८७ मध्ये वयाचा हिशेब मांडला. पारदर्शक जागा तरुण मुलींमध्ये सापडत, काळ्या जागा वय वाढलेल्या बायकांमध्ये. म्हणजे काळाच डाग शोधणारा सर्जन विशीतल्या मुलीच्या पोटात पाहून ‘सगळं ठीक आहे’ म्हणत बाहेर येत होता.

प्रत्येक रुग्णाच्या ओटीपोटाचा त्यांनी नकाशा ठेवला. दर महिन्याला बी पडत असेल तर वयाबरोबर आजाराच्या जागा वाढायला हव्यात. तशा त्या वाढताना दिसल्या नाहीत. मग त्यांनी जाळणं सोडलं आणि ते आजारी आवरण कात्रीनं मुळासकट काढायला लागले. १९९१ मध्ये ३५९ स्त्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला: पाच वर्षांपर्यंत आजार उरला किंवा परतला असं प्रमाण जास्तीत जास्त १९ टक्के. २००२ मध्ये त्यांनी थेटच विचारलं, सॅम्पसन चुकले होते का? त्यांच्या मते या पेशींची बीजं गर्भावस्थेतच पेरली गेलेली असतात. म्हणजे १८९९ च्या रसेल यांच्या कल्पनेकडे गाडी फिरून आली.

माझं मत विचाराल तर सॅम्पसन यांचा सिद्धांत अर्धा खरा आहे आणि रेडवाइन यांचाही तसाच. संशोधकांचा आज कल अनेक कारणं मानण्याकडे आहे: उलट जाणारं रक्त, प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता, संप्रेरकं. मूळ कारणावर एकमत नाही आणि कायमचा बरा करणारा उपायही नाही. दोघांच्या सिद्धांतांपेक्षा त्यांची पाहण्याची शिस्त अधिक टिकली. एकानं योग्य दिवशी पाहिलं, दुसऱ्यानं जवळून पाहिलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात सुमारे १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. निदानाला मात्र अजूनही वर्षानुवर्षं लागतात, कारण ‘पाळीत दुखायचंच, लग्न झालं की थांबेल’ हे वाक्य घराघरांत तयार असतं. पोटाच्या आतल्या आवरणावरच्या बारीक जागा साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. तेव्हा घरातली मुलगी पाळीच्या दुखण्यापायी महिन्याच्या महिन्याला शाळा-कॉलेज बुडवत असेल, शौचाला किंवा लघवीला त्या दिवसांत कळ येत असेल, तर सोनोग्राफीचा कागद ‘नॉर्मल’ आला म्हणून विषय बंद करू नका. दुखणं कोणत्या दिवशी, कुठं आणि किती होतं हे तिला वहीत लिहायला सांगा आणि ती वही घेऊन एंडोमेट्रिऑसिसचं काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.