डुप्लिकेट बॅटरीची वीस वर्षं

मुंबईत माहुलच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपायला येणाऱ्यांच्या गळ्यात अजूनही अधूनमधून कॅननचा ४०-डी किंवा निकॉनचा डी-९० दिसतो. पहिला २००७ सालचा, दुसरा २००८चा. शटर ठणठणीत असतं, सेन्सरही बरा असतो, पकडीवरचं रबर तेवढं सुटून आलेलं असतं. त्याच्या बॅटरीचं झाकण उघडून पाहिलंत तर आत कंपनीची बॅटरी क्वचितच सापडेल. असते ती डुप्लिकेट. दुकानदाराच्या भाषेत ‘कंपॅटिबल’, आणि गिऱ्हाईक फारच खोदून विचारायला लागलं तर ‘फर्स्ट कॉपी’. गेली वीस वर्षं जुने कॅमेरे चालते राहिले ते बव्हंशी या बॅटरीच्या जिवावर. फोटोग्राफर मात्र तिचं नाव चारचौघांत घेत नाहीत.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९९९चा निकॉन कूलपिक्स ९५० घड्याळात-रेडिओत बसतात तसल्या चार पेन्सिल सेलवर चालायचा. सेल संपले की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायचं. ते सेल कॅमेऱ्यात फार टिकत नसत, ही गोष्ट वेगळी. मग लिथियम-आयन आली. सोनीने ती १९९१मध्ये बाजारात आणली होती. कॅमेऱ्यांत ती रुळली २०००च्या आगेमागे. हलकी, दमदार, पण प्रत्येक कंपनीची खाच वेगळी आणि आकारही वेगळा. किराणा दुकानाचा रस्ता तिथेच बंद झाला.

त्यातल्या त्यात कॅननची बीपी-५११ ही सज्जन बॅटरी म्हणायची. २०००च्या पॉवरशॉट जी-१मध्ये ती होती आणि २००८च्या ५०-डीमध्येही तीच. मधले १०-डी, २०-डी, पहिला फाइव्ह-डी, सगळे तिच्यावरच. निकॉनची ईएन-ईएल३ई अशीच: डी-२००, डी-८०, डी-९०, डी-३००, डी-७००. एकाच मापाची बॅटरी घेणारे इतके कॅमेरे लोकांच्या हातात असले की चीनमधल्या कारखान्याला साचा काढणं परवडतं. डुप्लिकेटचा धंदा उभा राहिला तो या जोरावर. डिजिटेक, सिम्पेक्स ही आपल्याकडची नावं कॅमेऱ्याच्या दुकानांत दिसू लागली. फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “साहेब, ओरिजिनल दाखवू की कंपॅटिबल?” एका ओरिजिनलच्या पैशांत तीन-चार कंपॅटिबल येत. नोकरदार हौशी माणूस काय उचलणार, हे सांगायला नको.

माहुलला जादा बॅटरी ही चैन नव्हती. इथे पक्षी भरती-ओहोटीच्या वेळेवर चालतात. ओहोटीला फ्लेमिंगो दूर चिखलात विखुरलेले, नुसते गुलाबी ठिपके. पाणी चढू लागलं की ते किनाऱ्याकडे सरकतात, आणि नेमक्या त्या तासा-दीड तासात फोटो मिळतात. तेवढ्यात बॅटरी बसली तर चार्जिंगला चेंबूरला जाऊन परत येईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. एका बाजूला रिफायनरीच्या टाक्या, पलीकडे ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची धुराडी. तिकडे लेन्स फिरवायची नाही, हे इथे येणारा प्रत्येकजण पहिल्याच फेरीत शिकतो, सुरक्षारक्षक शिकवतात.   

खाऱ्या हवेने बॅटरीच्या धातूच्या पट्ट्या काळवंडतात. मग कॅमेरा चालू होऊन लगेच बंद पडतो आणि खापर डुप्लिकेटवर फुटतं. कंपासपेटीतलं साधं खोडरबर पट्ट्यांवर दोनदा घासलं की निम्म्या ‘मेलेल्या’ बॅटऱ्या जिवंत होतात. हे करून पाहिल्याशिवाय बॅटरी टाकू नये.

खरी लबाडी पट्टीत नसते, लेबलात असते. निकॉनच्या ईएन-ईएल३ईवर १५०० एमएएच क्षमता छापलेली होती. तिच्या डुप्लिकेटवर १८००, २०००, कधी २४००सुद्धा. दिसायला तीच डबी, वजनाला उलट हलकी, आणि क्षमता दीडपट! या बॅटऱ्यांत साधारण ३.७ व्होल्टचे दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्याने व्होल्टेज दुप्पट होऊन ७.४ होतं, एमएएच एका सेलचेच राहतात. तेवढ्या जागेत मावणाऱ्या सेलला मर्यादा आहे, आणि कंपनीही मूर्ख नाही. मावलं असतं तर तिने आधीच भरलं असतं. म्हणून आकडा जितका मोठा, तितका संशय जास्त. ओरिजिनलच्या आसपासचा आकडा छापणारा कारखानदार निदान लाज राखून असतो. डी-२०० आणि डी-३००च्या मेनूत बॅटरीचं वय शून्य ते चार असं दाखवलं जायचं. काही डुप्लिकेट वर्षानुवर्षं शून्यावरच ठाण मांडून बसतात. फोटो जेमतेम शंभर देतात, वय मात्र वाढू देत नाहीत.

कंपन्या हे बघत बसल्या नव्हत्याच. पॅनासॉनिकने २००९मध्ये ल्युमिक्स कॅमेऱ्यांसाठी असं फर्मवेअर सोडलं की दुसऱ्याची बॅटरी घातली तर कॅमेरा चालूच होऊ नये. २०१३च्या सुमारास निकॉनच्या डी-३१०० आणि डी-५१००च्या बाबतीत तेच घडलं: फर्मवेअर अपडेट केलं आणि कालपर्यंत चालणारी ईएन-ईएल१४ची डुप्लिकेट एकाएकी परकी झाली. कॅननने जरा सभ्यपणा दाखवला. त्यांचा कॅमेरा पडद्यावर विचारतो, या बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का? खोटं ‘होय’ दाबून पुढे जाणारे किती निघाले असतील, ते कॅननलाच ठाऊक.

कारण सगळीकडे एकच दिलं गेलं, सुरक्षितता. ते निव्वळ खोटं नाही. लिथियम सेल जास्त चार्ज झाला किंवा आतून शॉर्ट झाला तर पेटू शकतो. चांगल्या बॅटरीत त्याला अडवणारं सर्किट आणि तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो. स्वस्तातल्या बॅटरीत तिथेच काटकसर होते. पण मग निकॉनला स्वतःच्याच ईएन-ईएल३च्या काही बॅटऱ्या तापतात म्हणून २००५मध्ये परत मागवाव्या लागल्या, आणि २०१२मध्ये ईएन-ईएल१५च्या, त्याचं काय? माझं मत स्पष्ट आहे: सुरक्षितता हे अर्धं कारण, उरलेलं अर्धं गल्ला. कॅमेरा विकून झाला की पुढची कमाई त्याच्या बॅटरीत असते. आणि ज्या कॅमेऱ्याची ओरिजिनल बॅटरी बाजारातून नाहीशी झाली, त्याच्या मालकाने नेमकं काय करावं, याचं उत्तर एकाही फर्मवेअरमध्ये नाही.

या सगळ्यात एका बॅटरीची गोष्ट निराळीच आहे, आणि ती बघायची तर खाडी सोडून कोळीवाड्यात यावं लागतं. कोळ्यांची हळद म्हणजे रात्रभराचं काम. बँड, नाच, पहाटेपर्यंत पाहुणे. शूटिंगवाल्याने दर वेळी प्लग कुठे शोधायचा? सोनीच्या पीडी-१७० व्हिडिओ कॅमेऱ्याच्या काळापासून या मंडळींच्या बॅगेत एनपी-एफ जातीच्या बॅटऱ्या आहेत. ५५०, ७५०, ९७० असे त्यांचे आकडे. आत अनुक्रमे दोन, चार, सहा सेल. मूळची ही नव्वदच्या दशकातल्या हँडीकॅमची बॅटरी. ते टेपवाले कॅमेरे केव्हाच भंगारात गेले. बॅटरी मात्र एलईडी लाइटच्या पाठीवर जाऊन बसली. आज लग्नाच्या हॉलमध्ये जो चौकोनी लाइट नवरीच्या तोंडावर धरला जातो, त्याच्यामागे बहुतेक वेळा हीच असते आणि ती सोनीची नसते. लाइट बनवणाऱ्या कंपन्या खाच सोनीची ठेवतात, बॅटरी दुसऱ्याची देतात. नक्कल इतकी पसरली की मापच तिचं होऊन बसलं.

इथेही हिशोब सोपा आहे. ९७०मध्ये दोन-दोन सेलच्या तीन जोड्या. साधा सेल २२०० एमएएचचा धरला तर तिप्पट, म्हणजे ६६००. त्याच मापाचे उत्तमातले सेल साधारण ३५०० पर्यंत जातात, म्हणजे साडेदहा हजार ही हद्द झाली. त्यापुढचा आकडा लेबलवर दिसला तर तो छापखान्यात तयार झालेला समजावा.

सरकारचं लक्ष या धंद्याकडे उशिरा गेलं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश निघाला २०१२मध्ये, आणि बॅटऱ्या त्यात नंतर आल्या. आता लेबलवर आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. एमएएचच्या आधी हा क्रमांक शोधावा. टाकाऊ बॅटऱ्यांचं तर विचारूच नका. २००१चे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते; लिथियमच्या बॅटऱ्या नियमांत आल्या २०२२मध्ये. मधल्या वीस वर्षांत फुगलेल्या कॅमेरा-बॅटऱ्या कुठे गेल्या? ओल्या कचऱ्यात, सुक्या कचऱ्यात, भंगारवाल्याच्या गोणीत.

आता बाजार पुन्हा फिरला आहे. कॉलेजची मुलं वडिलांचे सायबरशॉट, इक्सस हुडकून काढताहेत. त्या फोटोंचा भडक, किंचित धुवट रंग त्यांना मोबाइलपेक्षा आवडतो. चोरबाजारात अशा कॅमेऱ्यांना पुन्हा भाव आहे. कॅमेरा मिळतो, चार्जर मिळत नाही, आणि जुनी बॅटरी मिळाली तरी मेलेलीच निघते, कारण लिथियम कपाटात पडूनही म्हातारी होते. पूर्ण चार्ज करून उकाड्यात ठेवली तर लवकर होते. यावर उपायही डुप्लिकेटवाल्यांनीच काढला. काही नव्या बॅटऱ्यांच्या अंगालाच यूएसबी-सीचं भोक असतं, त्या मोबाइलच्या चार्जरवरच चार्ज होतात.

माळ्यावर जुना कॅमेरा असेल तर आजच खाली काढा आणि बॅटरी बाहेर घ्या. फुगली असेल, झाकणातून सुटत नसेल, तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. निघाली तर पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा, चार्ज करून बघायच्या फंदात पडू नका आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या. चांगली असेल तर अर्धी चार्ज करून कॅमेऱ्याबाहेर, गार जागी ठेवा.